नोर्माचा ओव्हन आणि माझ्या गोळ्या

मी, क्लिफर्ड ओस्टरमन, वय चौऱ्याहत्तर, काउंटीच्या रस्त्यांवर एकतीस वर्षे ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचे यंत्र, चालवून निवृत्त झालेला, राहणार लुईसटाउन, मोंटाना, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. बोटे बधिर झाल्यामुळे हे वकीलबाईंकडून टाइप करून घेत आहे, शब्द मात्र माझे आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात कोणी उरलेलेच नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. राहते घर मुलगी जोलीन हिला. तिने ते विकावे, पाडावे, वाटेल ते करावे. स्वयंपाकघराची फरशी मी उखडून नवी घातली आहे. शिसे तपासणारे येऊन गेले, काही सापडले नाही असा त्यांचा कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. बँकेत जे निघेल ते नात ओपल हिच्या शिक्षणासाठी. तिला वाचायला वेळ लागतो असे ऐकतो. शिकवणी लावावी.

कलम २. लाकडे फोडायचे यंत्र मेहुणा व्हर्लिन यास. ते १९९८ पासून त्याच्याकडेच आहे. 'उद्या आणून देतो' म्हणून घेऊन गेला होता. आता त्याचा परत करण्याचा त्रास वाचेल.

कलम ३. शिसे वितळवायचे भांडे, चारही साचे आणि रायफल माझा मित्र गस मारोविच यास. आम्ही दोघे वीस वर्षे घरीच गोळ्या ओतत आलो. तो गोळीला जुन्या पद्धतीने मेण लावतो, मी रंगाच्या पावडरीचा लाल थर चढवत असे. नेमबाजीच्या मैदानावर तो सगळ्यांसमोर ओरडायचा, "आला रे क्लिफ! गोळ्यांना नेलपॉलिश लावून आला!" मी म्हणायचो, "हात बघ तुझे, कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे! माझ्या गोळीचं शिसं बोटाला लागतसुद्धा नाही." ते खोटे नव्हते. डब्यात गोळ्या आणि रंगाची पावडर घालून हलवायचे, ट्रेवर मांडायचे, ओव्हनमध्ये वीस मिनिटे भाजायचे, की रंग घट्ट बसतो. भाजून होईपर्यंत मात्र गोळी उघडीच असते, आणि शिशाची धूळ ट्रेला लागते. हे मी कधी बोललो नाही. गसचे हात काळे होते, पण त्याने ते काम कधी गॅरेजच्या बाहेर नेले नाही.

कलम ४. रंगाचे उरलेले डबे कोणालाही देऊ नयेत. नियमाप्रमाणे विल्हेवाट लावावी.

कलम ५. स्वयंपाकघरातला ओव्हन कोणाला देता येत नाही, तो कचरा डेपोत गेला. पण त्याच्याविषयी लिहायचे आहे.

२०१६ च्या नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीच्या दिवसांत, गॅरेजमधला माझा छोटा ओव्हन जळाला. नवा आणायचा मला कंटाळा आला. माझी बायको नोर्मा मंगळवारी आणि गुरुवारी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाई. त्या दोन दिवशी मी तिच्या ओव्हनमध्ये, तिच्या बिस्किटांच्या ट्रेवर गोळ्या भाजल्या. एकदाच म्हणून केले आणि हिवाळाभर करत राहिलो. ट्रे धुऊन जागेवर ठेवत होतो. ओपल तेव्हा दीड वर्षाची होती. जोलीन हॉस्पिटलात कामावर असे, म्हणून पोर आमच्याकडे असायची. नोर्मा तिच्यासाठी त्याच ट्रेवर बिस्किटे भाजायची.

मार्चमध्ये ओपलच्या रक्तात शिसे निघाले. आरोग्य खात्याची नर्स आली, घर पुसून नमुने घेऊन गेली, आणि आठवड्याने कागद घेऊन परत आली. शिसे ओव्हनमध्ये आणि ट्रेवर निघाले होते. तिने विचारले, "हा ट्रे गॅरेजमध्ये कोणी वापरला?" मी खाली बघत राहिलो.

नोर्मा म्हणाली, "मीच गं. गॅरेजमधला ट्रे चुकून आत आणला असेन. हल्ली माझ्या लक्षात राहत नाही."

जोलीन तिथेच उभी होती. ती म्हणाली, "आई, माझी पोरगी दिली होती तुझ्या हातात! एवढंही कळू नये तुला?"

नोर्मा फक्त "हो" म्हणाली.

जोलीनची गाडी गेल्यावर मी विचारले, "तू का घेतलंस अंगावर?"

"तुझं तोंड उघडेना, क्लिफ. तुला तर ती कधीच माफ करणार नाही. आईला करतात पोरी."

तसे झाले नाही. जोलीन बिलिंग्जला राहायला गेली. नोर्मा दर वाढदिवसाला ओपलला कार्ड पाठवायची. पोस्टात मीच टाकायचो. उत्तर आले नाही. नोर्मा त्यानंतर चार वर्षे जगली. म्हणजे खरे बोलायला मला चार वर्षे होती. अंत्यविधीला जोलीन मागच्या बाकापाशी उभी राहिली आणि नंतरच्या जेवणाला न थांबता निघून गेली. माझ्या हातात बटाट्याची ताटली होती. मी ती संपवली. मला तेव्हा काही वाटले नाही, आजही फारसे वाटत नाही. वाटते असे लिहिले तर आणखी एक खोटे होईल.

कलम ६. शपथेवर सांगतो: नोर्माची काही चूक नव्हती. ट्रे मी वापरला, ओव्हन मी वापरला, गप्प मी बसलो.

कलम ७. वकीलबाईंनी विचारले, "हे तुमच्या पश्चातच उघडायचं ना?" माझाही तसाच विचार होता. मेलेल्या माणसाला कोणी फाडफाड बोलू शकत नाही. पण नोर्माने सगळे जिवंतपणी ऐकून घेतले, आणि तेही माझ्या वाट्याचे. म्हणून कलम ५ आणि ६ ची नक्कल आजच्याच टपालाने जोलीनला पाठवावी. घरचा नंबर बदललेला नाही. मी कुठे जात नाही. फोन मीच उचलीन.

हे मी दोघांसमक्ष वाचून घेतले आणि सही केली.

क्लिफर्ड ओस्टरमन (सही वाकडी आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार:
१. मेरीबेथ क्रोल, वकिलांच्या कचेरीतील कारकून (सही)
२. ड्वेन हॅगस्ट्रॉम, शेजारी (सही)
दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही. ड्वेनने हे दोनदा विचारून घेतले आहे.

नक्कल दुपारी सव्वादोनला टपालात टाकली. – मे. क्रोल

स्थळ: लुईसटाउन, मोंटाना
दिनांक: १५ ऑक्टोबर २०२४