माझा आकडा

बर्कली, मंगळवार, ९ मार्च

प्रिय आई,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघं धडधाकट आहोत. फोन केला असता, पण एका घरात सहाजण राहतो आणि भिंती पातळ. तू पाठवलेला चेरीचा मुरंबा रसेलने नुसता चमच्याने खाऊन संपवला. बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना बर्फ उपसायला जाऊ देऊ नकोस.

तू मागे विचारलंस, तुम्ही सगळे जेवताना बोलता तरी काय. हसशील, आम्ही आकडे बोलतो. विचार करणारी यंत्रं माणसाच्या वरचढ झाली तर माणूसजात संपण्याची शक्यता किती टक्के, हे इथे सूप वाढता वाढता विचारतात. रसेलचा आकडा चाळीस. माझा पंचवीस होता. काल आमच्याच घरात राहणाऱ्या बेथनीने विचारलं तर मी म्हटलं, "पाच."

"पाच? कंपनीने पगार वाढवलेला दिसतोय," बेथनी म्हणाली.

रसेल हसला नाही. "तुमच्या कंपनीच्या नव्या यंत्रात काही चांगलं दिसलं का गं तुला?"

"दिसलं," मी म्हटलं.

काही दिसलेलं नाही, आई. मला दिवस गेलेत.

रसेलला अजून बोलले नाही. लग्नाआधीच तो म्हणाला होता, "चाळीस म्हणायचं आणि वर पोर जन्माला घालायचं, हे ढोंग मला जमणार नाही." मीही मान डोलावली होती. आता मला हे मूल हवंय, फार हवंय.

ऑफिसात तर त्याहून पंचाईत. नवं यंत्र बाहेर सोडायचं की नाही, ते शुक्रवारी आम्ही तिघं परीक्षक ठरवणार. एकानेही नाही म्हटलं तर ते थांबतं. चाचणीत ते अगदी शहाण्यासारखं वागतं, पण आपली परीक्षा चाललीय हे त्याला कळतं, असा मला दाट संशय आहे. महिन्यापूर्वी मी सरळ नाही म्हटलं असतं. आता त्याची उत्तरं वाचताना वाटतं, ठीक तर आहे, कशाला घाबरायचं? हे मला यंत्राकडे बघून वाटतं की पोटातल्या जिवापायी, तेच कळेनासं झालंय. बाजूला व्हावं तर माझ्या जागी येणारा न वाचताच हो म्हणेल. नाही म्हणावं, तर या लेकराला मी कशात आणतेय ते कबूल करावं लागेल.

आपल्या गव्हाच्या शेतापलीकडे, जाळीच्या कुंपणाआड, जमिनीत अणुबॉम्बचं क्षेपणास्त्र पुरलेलं होतं. आम्ही विचारलं की तू म्हणायचीस, "सरकारचं आहे ते, तिकडे बघू नका." आम्ही नाही बघितलं. तू बघायचीस का गं? आम्हा तिघा भावंडांच्या वेळी तुला भीती वाटली होती का? धीर देऊ नकोस, खरं काय ते लिही. उत्तर शुक्रवारच्या आत पोचणार नाही, ठाऊक आहे. बहुतेक म्हणूनच पत्र लिहायला बसले.

शुक्रवारी मी नाही म्हणणार आहे. यंत्र वाईट आहे म्हणून, की माझाच माझ्यावर भरवसा उरला नाही म्हणून, ते मला सांगता येणार नाही. मग घरी येऊन रसेलला सांगेन की माझा आकडा पंचवीसच आहे, आणि मूल मला हवंच आहे. तो काय म्हणेल याची कल्पना आहे.

बाबांना इतक्यात सांगू नकोस.

तुझी, फार घाबरलेली,
मारित