भिंतीकडचा वाफा

प्रिय मॅव्हिस,

समोरासमोर राहून पत्र कसलं लिहिते ही, असं म्हणशील. खरं आहे. माझ्या स्वयंपाकघरातून तुझा भाजीचा प्लॉट दिसतो, म्हणजे एके काळचा आमचाच तो. खिडकी उघडून हाक मारली तरी तुला ऐकू येईल. पण हे हाक मारून सांगायचं नाही. चहा ओतून घे आणि सावकाश वाच. मध्येच शेगडीत टाकू नकोस, नुकसान तुझंच आहे.

आधी कौतुक करते. लसणाचे कोंब काय सुरेख वर आलेत गं! कांदेही सरळ रांगेत, धुक्यात उभे. चॅपलमधल्या यंदाच्या सुगीच्या चहाला तूच मला कोपऱ्यात गाठून विचारलं होतंस, आठवतं? "नेटी, भिंतीकडच्या वाफ्यात हिवाळ्याला काय लावू गं? तुझा सेप काय लावायचा?" त्याचं नाव घेताना तुझ्या तोंडात माझ्याच हातचा केक होता. मी खरं तेच सांगितलं. घेवडा लावायचा, तो बर्फात तग धरणारा, आणि त्याच्या कडेनं कोबी. दरवर्षी तेच, दुसरं काही नाही. तू नाक मुरडलंस. "एवढी उबेची जागा, आणि कोबी? तुझा नवरा भला माणूस होता गं, पण डोकं नव्हतं त्याला. मी तिथे लसूण लावणार, कांदे लावणार. आणि बाबांची बियाण्याला राखलेली लीकची रोपंही तिथेच हलवणार, म्हणजे थंडी बाधायची नाही त्यांना." मी म्हटलं, लाव बाई, लाव. आता तुझीच जमीन आहे.

तुझी कशी झाली, तेही एकदा बोलून टाकू, कारण तू ते कधीच बोलत नाहीस. आपण दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या घरांच्या रांगेत आलो. माझ्या बाळंतपणाच्या वेळी तू होतीस, तुझे वडील गेले तेव्हा त्यांना आंघोळ मी घातली. आणि गेल्या वर्षी सेपची फुप्फुसं खाणीच्या धुळीनं बसली, सगळा उन्हाळा मी त्याच्या उशाशी काढला, तेव्हा तू काय केलंस? पाण्याची एक झारी नाही घातलीस. गवत वाढू दिलंस. मग सप्टेंबरात प्लॉटच्या कमिटीची पाहणी झाली आणि सेक्रेटरीबाईंनी, म्हणजे तूच गं, स्वतःच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहून आमच्या फाटकाला टाचली: प्लॉट पडीक, जप्त. महिना उलटायच्या आत तुझं कुलूप! मी दाराशी येऊन पदर पसरला असता तर ऐकलं असतंस का? आले होते मी. "नियम म्हणजे नियम, नेटी, माझ्या हातात काही नाही," म्हणालीस, आणि नजर माझ्या खांद्यावरून त्या काळ्या मातीकडे. खाणीतल्या घोड्यांची लीद पाठीवर वाहून सेपनं ती माती केली होती.

त्याला मी सांगितलं नाही. पलंगावरून त्याला खिडकी दिसायची नाही. रोज विचारायचा, "घेवडा टोचलास का?" मी म्हणायची, हो. "उगवला का?" हो रे, बोटभर झालाय. मग हसायचा आणि खोकत बसायचा. त्या खोट्या घेवड्यावर माझा माणूस गेला, मॅव्हिस. आयुष्यात त्याच्याशी तेवढंच खोटं बोलले, आणि तेही तुझ्यामुळे. ते मी तुला कधीच माफ करणार नाही.

आता सेपच्या डोक्याविषयी. फाटकाशी तो बूट आणि फावडं ब्रशनं घासत बसायचा, आणि तू कुंपणावरून ओरडायचीस, "काय रे, राणीकडे जेवायला निघालास का?" त्यानं एकाएकी भाज्यांच्या प्रदर्शनाला लीक द्यायचं बंद केलं, तर तू गावभर केलंस की हरायला घाबरला. तो घाबरला होता, पण हरायला नाही. त्या वाफ्यात पांढरी कूज आहे, मॅव्हिस. आमचा सगळा लसूण तिनं एका वसंतात संपवला होता. पाती पिवळी, उपटावं तर मुळं गळालेली आणि बुडाशी पांढरी बुरशी, त्यात खसखशीएवढे काळे दाणे. ते दाणे वीस-वीस वर्षं मातीत जिवंत राहतात. कांदा, लसूण, लीक, त्या घराण्यातलं काही लावलं की जागे होतात. घेवड्याला, कोबीला ढुंकून विचारत नाहीत. घरात उवा झाल्यासारखी लाज वाटायची त्याला, म्हणून माझ्याखेरीज कुणाला बोलला नाही. पण दुसऱ्याच्या प्लॉटवर मातीचा कण जाऊ दिला नाही.

तू मात्र ढकलगाड्या भरभरून नेलीस. मी बघत होते. सेपची काळी माती तुझ्या जुन्या प्लॉटवरच्या लीकच्या चरात, पुढच्या वर्षीच्या पहिल्या नंबरासाठी, काठोकाठ. आणि मग एका सकाळी तुझ्या वडिलांचे ते लीक घेऊन आलीस, ओल्या गोणपाटात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखे. त्यांनी जन्मभर निवडून निवडून राखलेला वाण, गावात कुणाला एक बी दिलं नाहीस त्यातलं. भिंतीशी गुडघे टेकून एकेक लावलास. खिडकी उघडायला मला किती वेळ लागला असता? मी किटली ठेवली. उभ्यानं चहा प्याले, आणि खूप दिवसांनी मला तो गोड लागला.

म्हणशील, आज का सांगितलं? गप्प राहिले असते तर एप्रिलात तुला आपोआप कळलंच असतं. पण तेव्हा तू हवेला दोष दिला असतास, नशिबाला दिला असतास, आणि मला तुझं सांत्वन करायला यावं लागलं असतं. ते मला नको. थंडीभर ती कूज झोपलेली असते, वर सगळं हिरवंगार दिसेल. रोज सकाळी तू जाऊन बघायचंस, उगवलं का, पिवळं पडलं का, आणि कुणाला बोलता यायचं नाही. कारण रोगट जमीन कमिटीला कळवायची आणि तिथले लीक प्रदर्शनाला आणायचे नाहीत, हा नियमही तुझाच, आणि नियम म्हणजे नियम. सोबत तुझी चिठ्ठी परत पाठवते आहे, टाचणीसकट. वर्षभर मी ती सेपच्या चष्म्याच्या डबीत जपून ठेवली होती. अक्षर तुझंच आहे, प्लॉटचा नंबरही आता तुझाच आहे. 'पडीक' तेवढं खोडून 'रोगट' लिही, आणि फाटकाला स्वतःच्या हातानं लाव. मी खिडकीत बसलेय.

तुझीच शेजारीण,
नेटी