अनुभवी कान

४ जानेवारी
पहिल्या पेपरचा खरा खर्च: अकरा रविवार, एक नवा चष्मा आणि मुलीचा अबोला. टायपिंग तिचं. म्हणे, बाबा, एकच वाक्य किती वेळा बदलणार? विषय: बेअरिंग खराब आहे की चांगलं, हे अनुभवी कान उपकरणाशिवाय ओळखतो. अनुभवी कान म्हणजे माझे. तीस वर्षं लेथवर काढलीत. पन्नास बेअरिंगं फिरवून ऐकली, मग उघडून पाहिली. सेहेचाळीस बरोबर! आज जर्नलला पाठवला. मार्चअखेर स्वीकारला तर लेक्चरर. नाहीतर जूनमध्ये वर्कशॉप इन्स्ट्रक्टर म्हणूनच निवृत्त.

९ जानेवारी
प्राचार्यांना म्हटलं, मागे स्क्रू पडू द्या, न बघता साइज सांगतो. ते काहीतरी पुटपुटले. शिकलेल्या माणसांना तोंड उघडून बोलायला काय होतं?

२१ जानेवारी
टीव्ही बिघडलाय. आवाज चाळीसवर नेल्याशिवाय चालतच नाही. ही म्हणाली, शेजारी दोनदा दार वाजवून गेले. साफ खोटं. मी घरातच होतो.

२ फेब्रुवारी
जर्नलचं उत्तर. एक परीक्षक खूश. दुसरा तिरसट. विचारतो, मूळ नोंदी कुठे आहेत? ऐकणाऱ्याचे कान तपासलेत का? रिपोर्ट जोडा. जन्मात हाताला ग्रीस लागलेलं नसणार याच्या! उद्याच रिपोर्ट तोंडावर फेकतो.

३ फेब्रुवारी
उद्या.

१० फेब्रुवारी
सर्दी. अशा कानांची तपासणी अन्यायाची ठरेल. नोंदवही काढली. निळ्या शाईवर बऱ्याच ठिकाणी लाल. त्यात काही नाही. कानाने बरोबरच ऐकलं होतं, हाताने चुकीचं लिहिलं. बेअरिंग उघडल्यावर दुरुस्त केलं, इतकंच. परीक्षकाला स्वच्छ प्रत पाठवू.

२६ फेब्रुवारी
मुलगी ओढूनच घेऊन गेली. बंद खोली, कानाला हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ काही सुरूच करेनात. शेवटी काचेपलीकडच्या बाईंना खूण केली, करा की सुरू. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी आत आली. 'संपलं, बाबा.' ओठांवरून कळलं.

२७ फेब्रुवारी
अबोला सुटला. आता समोर बसून, सावकाश बोलते. तिला म्हटलं, मशीन खोटं असेल, वही तर आहे ना? लाल सोडून फक्त निळ्या नोंदी मोजल्या. आधी मी, मग तिने.
पन्नासपैकी चोवीस बरोबर.