घरच्या तांदळाचा भाव

४ ऑक्टोबर
निलेशने पलंगाखाली खोकं सरकवलं ते मी बघितलं. दसऱ्याच्या ऑफरमधली दोन बर्नरची शेगडी! विचारलंसुद्धा नाही नवरोबांनी.
म्हणे, "दिवाळी झाली की आपली चूल वायली. किराणा, गॅस, पोरांच्या फिया, समदं माझ्याच पगारातनं. भाऊ काय देतो?"
खोटं नाही बोलत तो. आंबीच्या कंपनीतून दमून येतो आणि पगार आठवडाभर टिकत नाही. पण भाऊ म्हणजे त्याचा सख्खा मोठा भाऊ, आक्का म्हणजे माझी जाऊ. या घरात आले तेव्हापासून एकाच चुलीवरचं खातोय सगळे.
मी म्हटलं, महिनाभर खर्च लिहून बघू, मग बोल. अंदाजाने घर मोडत नाहीत. कबूल झाला बाई.

६ ऑक्टोबर
परवाच फोनमध्ये खर्चाचं ॲप घेतलं. लोणावळ्याला रिसॉर्टच्या बिलिंगला बसून दिवसभर परक्यांचे हिशोब करते, घरचा कधी केला नाही. प्रत्येक खर्चापुढे कोणी केला त्याचं नाव. शेवटी रंगीत चकती येते, कोणाचा वाटा केवढा ते दिसतं.
पहिल्या दोन दिवसांतच तोंडात बोट. आपल्या घरात एवढी चहापावडर लागते? एवढं खोबरेल? रोज डोळ्यांसमोरून जातं आणि दिसत नाही. एक घर चालतं म्हणजे केवढं काय काय चालत असतं!

९ ऑक्टो.
स्टेशनवरून चालत आले. बांधाजवळ थांबलेच. इंद्रायणी भात फुलोऱ्यात, सगळ्या खाचरांवर वास. मी तळेगावची, फ्लॅटमध्ये वाढलेली, मला अजून याची सवय होत नाही. भाऊ बांधावर उभे. "काय गं, वाट चुकली का?" म्हटलं, वास घेतेय. म्हणाले, "घे की. त्याला पैशे न्हाईत."

१५ ऑक्टो.
नि.ने अर्ध्या महिन्याची चकती बघितली. सगळी निळी, म्हणजे तो. थोडी हिरवी मी. भाऊंचा लाल रंग शोधावा लागतो, विडीकाडी आणि कामशेतच्या बाजारातला एक कोयता.
"बग. म्या म्हनत नव्हतो?"
आकडे काय खोटं बोलतात? आक्कांसमोर भाकरी थापायला बसले तर मान वर होईना.

१७ ऑक्टो.
आज रिसॉर्टवर दिवाळीच्या गर्दीची खरेदी आली. बिलं तपासताना एकावर 'इंद्रायणी तांदूळ'. भाव वाचला. परत वाचला. किचनच्या शेफला फोन करून विचारलं, चुकलंय का? तो हसला, "मॅडम, पाहुणे मागतात. चांगला माल आहे, याच भावात मिळतो."
हा तर आमच्या घरचा तांदूळ! रोज पातेलं भरून शिजतो, उरला तर कोंबड्यांना. मी ॲपमध्ये तांदूळ लिहिलाच नव्हता. कसा लिहिणार, विकत कुठे आणला? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, आमच्याकडे तर पिकतं ते मोजतही नाही.
परतताना खिडकीतून खाचरं दिसली आणि मी मनातल्या मनात भाव लावायला लागले.

१८ ऑक्टो.
मग सुटलेच. आक्का भाताचं आधण ठेवताना मापटं किती वेळा बुडवतात ते बघितलं. म्हशीचं दूध. अंडी. परसातली काकडी, बांधावरची माठाची भाजी, वाल. अंघोळीच्या पाण्याचं जळण. एकेकाला दुकानातला भाव लावून भाऊ-आक्कांच्या नावावर टाकत गेले.
चकती उलटी झाली. लालच लाल! निळा रंग कोपऱ्यात.
मी खरंच उभी राहिले. एवढं रोज येतं कुठून? कोणी आवाज करत नाही, पावती नाही, मेसेज नाही. पहाटे दाराशी दुधाची चरवी असते आणि आपण चहा पितो. देवघरात नुसती जाऊन बसले थोडा वेळ.

१९ ऑक्टो.
नि.ला दाखवलं. बोटाने चकती मोठी करून बघितली. मग, "हे पैशे हायेत का पन? पैशे म्हंजे खिशातनं जात्यात ते."
म्हटलं, उद्या वेगळी चूल मांडली की जातील ना खिशातनं.
शेगडीचं नाव नाही. मला वाटलं, मिटलं. किती हुशार मी!

२२ ऑक्टो.
हात दाखवून अवलक्षण.
दिवाळीचं सगळे एका पंगतीला. आक्कांच्या करंज्या, सगळं छान. नि.ला काय वाटलं कोणास ठाऊक, कौतुकाने म्हणाला, "भाऊ, हिनं तुज्या तांदळाचा भाव काडलाय. लय पैशे हुत्यात तुजे."
भाऊंचा घास तसाच. "कुनी? धाकलीनं?" मग माझ्याकडे बघून, रागाने नाही, "मंग आजवर तुमाला म्या इकत घातलं व्हय गं?"
ताटात पाणी घातलं आणि उठले. दिवाळीच्या दिवशी.
मला त्यांचा मान वाढवायचा होता. आणि मी त्यांना दुकानदार केलं. फार वाईट वाटतंय.

२४ ऑक्टो.
भाऊ बोलतात, पण कामापुरतं. ॲप उघडलं नाही.
आज आक्का आमची खोली झाडायला आल्या. मी धावले, पण खोकं बाहेर निघालेलं. आक्कांनी त्यावरचं चित्र बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
"दोन बर्नरची आनलीस?" खोकं फडक्याने पुसून परत आत सरकवलं. "तीनची घ्याची. पाव्हनं आलं मंजी हाल हुतील तुजे."
एवढंच. कुठून आणतात ही माणसं असलं काळीज? नंतर मोरीत जाऊन रडले.

८ नोव्हेंबर
कापणी, झोडणी. मी सुट्टी टाकली. नि. पण आला, कंपनीत काहीतरी थाप मारून. खळ्यावर भाताची रास पडली. हे सगळं चिखलातून वर आलंय यावर विश्वास बसत नाही. दर वर्षी बसत नाही.
भाऊंनी नि.ला सांगितलं, "उद्या माप हाय. तुजी पोती आन."
तुझी! नि.चा चेहरा पडला. म्हणजे आक्कांनी भाऊंना शेगडीचं सांगितलं होतं.

९ नोव्हेंबर
सावकाश लिहिते.
गावात बाकी सगळे काट्यावर वजन करतात. भाऊ अजून पायलीनेच मापतात. राशीला नारळ फोडला. मापताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. आणि आमच्या घरी ही लाभाची पायली वाट्यात धरत नाहीत. ती बाजूला काढतात, घरातल्या पहिल्या नव्या भातासाठी. तिच्यावर वडीलधाऱ्याचा हक्क.
दोन पोती तोंड उघडून ठेवलेली, एक त्यांचं, एक आमचं. भाऊंनी पायली भरली, वरून हाताने शीग लावली, म्हणाले "लाभ". आणि आमच्या पोत्यात ओतली.
आक्का बघत होत्या. नि. म्हणाला, "भाऊ, ती तुजी हाय."
"नव्या चुलीला पैला भात लागतुया. धर पोतं नीट, सांडंल."
मग दोन, तीन... अर्धं त्यांना, अर्धं आम्हाला. जमीन कसली त्यांनी, चिखल केला त्यांनी, आणि वाटा बरोबरीचा, वर लाभही आमचा. नि.ने पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मी पदर तोंडाला लावून उभी. माणूस एवढा मोठा असतो?

१० नोव्हेंबर
लाभाचं पोतं आमच्या खोलीत, पलंगाशेजारी. खोलीभर नव्या भाताचा वास.
सवयीने ॲप उघडलं. भाऊंचं नाव टाकलं, 'भात' लिहिलं. रक्कम घातल्याशिवाय नोंद होत नाही. भाव मला पाठ आहे. फोन ठेवून दिला.
सकाळी स्वयंपाक एकत्रच झाला.
नि. कामाला निघताना उंबऱ्यात थांबला. "शेगडीचं बिल कुटं ठिवलंस?"
कपाटातून काढून दिलं. परत करायला बिल लागतं. गॅरंटीलाही लागतं. त्याने घडी करून खिशात घातलं आणि गाडीला किक मारली. कशाला हवंय ते मी विचारलं नाही.