हौद्यातला आकडा

मी, पत्रू लालशाह मडावी, वय एकाहत्तर, धंदा वेल्डिंग व वाहतूक, राहणार अहेरी, पूर्ण शुद्धीवर, सकाळचा चहा घेऊन आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. बायको शेजारी बसून चुका काढते आहे, तो दबाव धरू नये.

१. राहते घर, अंगण व बँकेतील शिल्लक पत्नी धुरपता हिची. तिला विचारल्याशिवाय मुलांनी भिंतीत खिळाही ठोकू नये.

२. मानेची ट्रॉली, म्हणजे जिची लोखंडी मान पिकअपच्या हौद्यात येऊन मधल्या आकड्यात अडकते ती, मुलगा धनराज याला. तो ऊर्जानगरला राहतो. तिकडे रस्ता सरळ, वजन मागच्या चाकांवर बसते, लांब पाइप नेतानाही ट्रॉली डुलत नाही. इकडे जंगलात नाल्याच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, वर चढताना तीच मान केबिनला लागते. धनराजने आपल्या गाडीत आकडा नट-बोल्टाने बसवावा, वेल्डिंग करू नये. कारण खाली आहे.

३. पिकअप मुलगी ललिता हिला. ती मोहफुले नेते, बांबू नेते आणि बाजाराच्या दिवशी अर्धे गाव नेते. तिने आकडा कापून टाकावा, म्हणजे म्हाताऱ्या बाया मांडी घालून बसतील.

४. मुखरू आत्राम हा माझा तीस वर्षांचा भागीदार. माझ्या पिकअपमध्ये आकडा बसवताना त्याने तेव्हाच सांगितले होते, "पत्रू, बोल्ट मार. उद्या मानसं कुठी बसवशीन?" मी ऐकले नाही, वेल्डिंग केले. ललिताच्या लग्नात आमच्या रीतीप्रमाणे नवरीला घेऊन नवरदेवाच्या गावी निघालो, तर हौद्यात मधोमध आकडा. पहिल्याच खड्ड्यात धुरपताचा गुडघा त्याच्यावर आदळला. ती आजही लंगडते. मुखरू रिकामी गाडी घेऊन मागून आला, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुह्या गाडीची मले गरज नाई." तो परत गेला. त्याला नऊ वर्षे झाली, आम्ही बोललो नाही. मुखरू बरोबर होता. मला त्याची फार आठवण येते.

५. वेल्डिंग मशीन त्यालाच द्यायचे होते. वकील म्हणतात, ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नका. म्हणून मशीन ललिताला देतो आणि मुखरूला साक्षीला बोलावतो. मशीन त्याला माझ्यामागे मिळाले असते. कलम चार त्याने मी जिवंत असताना वाचावे.

ठिकाण: अहेरी
दिनांक: १४ डिसेंबर २०२४

लिहून ठेवणार: पत्रू लालशाह मडावी (सही)

साक्षीदार: गुणवंतराव कोडापे, शेजारी (सही)

साक्षीदार: मुखरू आत्राम (सही)
सहीखाली त्याच्याच हाताने: वाचलं. वेल्डिंग करताना आकडा धरून मीच होतो. धुरपताबाईच्या गुडघ्याची चूक दोघाईची लिहा.