टाकीवरची केसाएवढी रेघ

मंगळवार, संध्याकाळ. कर्जत.

आज रसायनीच्या कारखान्यात ॲसिडच्या टाकीच्या वेल्डिंगचे फोटो तपासत होते. माझा प्रोग्राम फोटो साफ करायच्या शेकडो रीती अंदाजाने बनवतो, बऱ्या तेवढ्या ठेवतो, त्यांची सरमिसळ करून पुढची पिढी काढतो. शेवटच्या पिढीने एका जोडावर केसाएवढी रेघ दाखवली. मूळ फोटोत मला काहीच दिसत नव्हतं.

"डाग हाय गं तो," देखभालीचे म्हात्रेकाका म्हणाले. मलाही तसंच वाटलं. तरी म्हटलं, एकदा बघू या ना. त्यांनी जोडावर लाल रंग फासला, पुसला, वर पांढरी पावडर मारली. तड्यात मुरलेला रंग पावडरीतून वर आला, लाल रेघ उमटली. तीच. केसाएवढी.

काका टाकीपासून दोन पावलं मागे सरले. "आमी रोज हितंच डबा खातो गं."

टाकी लगेच रिकामी करायला घेतली. मग त्यांनी विचारलं, "तुला कसं कळलं?"

मला कुठे कळलं? प्रोग्रामला कळलं. पण त्याला तरी कसं? घरी येऊन ती रीत उघडून पाहिली. नुसते आकडे, मी न लिहिलेले. एकाचाही अर्थ लागेना. उद्या त्याने दुसऱ्या टाकीवर 'रेघ नाही' म्हटलं, तर मी काकांना तिथे डबा खायला बसू देऊ?