आक्काकडचा विस्तव

माय, तुला लिहायला बसले आणि मलाच हसू आलं. दोन यत्ता शिकलेली मी, वही नातीची. ती म्हणते, आजी, ओळ सोडू नको. मी ओळ सोडते, तिला मजा वाटते. आज तिनं पहिल्यांदा भाकरी थापली. कडा सगळ्या फाटल्या, पण फुगली हो. ती फुगताना बघत होते आणि मागून तुझी हाक आली. एरवी पहाटे येते, आज भरदिवसा आली, म्हणून लिहिते.

तुला गल्ली आठवते ना? लढाईचे दिवस, वाण्याकडे काडेपेटी मिळायची नाही. पहाटे बायका गोवरीचा तुकडा घेऊन तुझ्या दारात. "भाबी, इस्तो दे व." तू राखेखालचा निखारा उकरून द्यायचीस आणि वर मिरवायचीस, मी नांदायला आले तेव्हापासून ही चूल विझली नाही म्हणून. भिंतीला भिंत लागून राहणारी आक्का तेवढी यायची नाही. तू खाटेवर ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घातल्या होत्या, तिच्या बकरीनं निम्म्या खाल्ल्या आणि निम्म्यांवर नाचली. तेव्हा तू काय बोललीस ते लिहीत नाही, वही नातीची आहे. पण त्यानंतर चार उन्हाळे तुम्हा दोघींचा विस्तव बंद. द्यायचा नाही, आणायचा नाही.

तू आजारी पडलीस ती कापूस वेचणीच्या दिवसांत. बाबा आणि बठ्ठी, सगळी गल्ली शेतात, मी तुझ्याजवळ. काम एकच, चूल राख. दुपारी बघते तर राख गार. तळापर्यंत हात घातला, ठिणगी नाही. तुला पेज द्यायची आहे आणि तू खाटेवरून विचारतेस, "धूर का बरं दिसत नाही?" मी म्हणते, लाकडं ओली आहेत. बाहेर येऊन बघितलं, सगळ्या गल्लीत एकाच घराच्या धाब्यावर धूर. आक्काच्या.

तिनं माझ्या हातातली गोवरी बघितली. "तुनी मायनी धाडं का तुले?"

नाही म्हटलं असतं तर दारातूनच हाकललं असतं. मी म्हटलं, "हाव."

तिनं तीन निखारे दिले, वर राख घातली, पदरानं डोळे पुसले. म्हणाली, धूर गेला.

दिवस कलायच्या आत ती मुगाचं पातळ वरण घेऊन आपल्या दारात उभी. मी दाराआड सरकले. तू बघितलंस आणि म्हणालीस, "उनी का शेवटे मना दारले? बस ना."

"बकरी मनी व्हती, तोंड तुनं व्हतं," ती म्हणाली. तू हसलीस, मग खोकलीस, मग पुन्हा हसलीस. त्यानंतर ती रोज आली. सहाव्या दिवशी तू गेलीस तेव्हा डोकं तिच्याच मांडीवर होतं.

बाबांना तू सांगून गेलीस, आक्का आपणहून आली. आक्का माझ्या लग्नात मांडवभर सांगत फिरली, पहिली नमली ती हिची माय. मी दोघींचं ऐकून घेतलं. आक्कालाही जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तिकडे तुमची गाठ पडली असेल, बोलता बोलता निघालंच असेल. पुन्हा भांडला असाल तर ते माझ्यामुळे, बकरीचं नाव घेऊ नका.

चूल कशी विझली विचारलंस तर डोळा लागला म्हणून सांगायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. तू विचारलंच नाहीस. डोळा लागला नव्हता, माय. तुझ्या खोकल्याचा कंटाळा आला म्हणून मी मागच्या बोरीखाली जाऊन बसले होते. तू हाक मारलीस. मला ऐकू आली. तोंडात बोर होतं, ते चघळत मी तशीच बसून राहिले.

हे पान मी वहीतून फाडून घेणार आहे, नात रागावली तर रागावू दे. आता हाक आली की हातातलं टाकून ओ देते, घरातले हसतात. पण तेव्हा तुला काय हवं होतं? पाणी हवं होतं का?